'निःपक्षपाती' पत्र आणि 'दक्षिणेचा अटिला'

मेक्सिको नगरीतून निघणाऱ्या 'एल इम्पार्सिआल' या दैनिकाने २० जून १९११ रोजी एक ठळक मथळा छापला. 'सापाता हा आधुनिक अटिला होय' असा त्याचा मराठीत अनुवाद करता येईल. ज्या एमिलिआनो सापाताविषयी हे विधान होते तो मोरेलोस प्रांतातील एका लहानशा खेड्याचा निर्वाचित प्रमुख होता, आणि त्याच महिन्यात त्याच्या सैनिकांची शस्त्रे खाली ठेवून घेण्याचे काम चालू होते. मथळ्यातील विधान आणि घटना यांत एवढे अंतर असताही पुढील आठ वर्षे, सापाताचा वध होईपर्यंत व त्यानंतरही, 'दक्षिणेचा अटिला' ही संज्ञा राजधानीच्या लेखनात त्याला चिकटून राहिली. एखादे नाव इतके टिकते तेव्हा त्याच्या टिकण्याचे कारण केवळ द्वेषात शोधून भागत नाही. ते त्या नावाच्या रचनेतही शोधावे लागते. प्रस्तुत विवेचनाचा विषय ती रचना हा आहे.

नावाच्या उच्चाराविषयी आरंभीच एक खुलासा करणे इष्ट होय. मेक्सिकोतील स्पॅनिशमध्ये या आडनावाचे आद्याक्षर 'स'सारखे उच्चारले जाते. इंग्रजी लिपीवरून होणारा 'झपाटा' हा उच्चार मराठी कानाला भलतेच काही सुचवतो. म्हणून येथे 'सापाता' हे रूप स्वीकारले आहे.

'एल इम्पार्सिआल' या नावाचा अर्थ 'निःपक्षपाती' असा आहे. राफाएल रेयेस स्पिन्दोला याने हे पत्र १८९६ मध्ये सुरू केले. अध्यक्ष पोर्फिरिओ दीआस याच्या सरकारचे त्यास द्रव्यसाहाय्य होते. त्या बळावर अद्ययावत यंत्रे आणवून अंकाची किंमत एक सेंटावो, म्हणजे जवळजवळ नाममात्र, ठेवणे त्यास शक्य झाले. जुन्या धाटणीची, मतप्रचारावर भर देणारी पत्रे या स्पर्धेत मागे पडली. 'इम्पार्सिआल'ने मताऐवजी बातमी पुढे केली, आणि येथेच त्याच्या सामर्थ्याचे मर्म आहे. मताचा प्रतिवाद करता येतो. बातमीच्या वेषात आलेल्या नामकरणाचा प्रतिवाद करणे कठीण जाते, कारण वाचकाच्या दृष्टीने ते मत नसतेच. दीआसने २५ मे १९११ रोजी सत्तात्याग केला, परंतु त्याच्या काळात उभी राहिलेली वृत्तपत्रे, त्यांचे लेखक आणि त्यांचा वाचकवर्ग ही जागच्या जागी राहिली. क्रांतीने अध्यक्ष बदलला, शब्दकोश बदलला नाही.

सापाताचा जन्म ८ ऑगस्ट १८७९ रोजी आनेनेकुइल्को या गावी झाला. मोरेलोस हा राजधानीच्या दक्षिणेस लागून असलेला उसाचा प्रांत. तेथील साखरेच्या मोठमोठ्या जमीनदाऱ्यांनी, स्पॅनिशमध्ये ज्यांना 'आसिएन्दा' म्हणतात त्यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावांच्या सामाईक जमिनी व पाणी क्रमाक्रमाने गिळले होते. सप्टेंबर १९०९ मध्ये आनेनेकुइल्कोच्या वृद्धांनी आपला अधिकार खाली ठेवला आणि गावसभेने तीस वर्षांच्या सापाताला प्रमुख निवडले. या पदाला गावात 'काल्पुलेके' हे जुने नाव्हात्ल नाव होते. पदाबरोबर त्याच्या स्वाधीन झाली ती गावाच्या जमिनीची वसाहतकालीन दस्तऐवजांची पेटी. पुढे हेसूस सोतेलो इन्क्लान याने १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याच कागदपत्रांच्या आधारे आनेनेकुइल्कोच्या शतकानुशतकांच्या भूमिविवादाची संगती लावली. अर्थात ज्याला वृत्तपत्रांनी कायद्याचा शत्रू ठरविले त्याच्या सार्वजनिक जीवनाचा प्रारंभ दस्तऐवज वाचण्याने आणि दाद मागण्याने झाला होता.

आता मथळ्याकडे वळू. विशेषनामाचा सामान्यनामासारखा उपयोग ही सर्व भाषांना परिचित असलेली प्रक्रिया होय. मराठीत आपण एखाद्यास 'कळीचा नारद' म्हणतो किंवा 'झारीतील शुक्राचार्य' म्हणतो, तेव्हा पुराणातील सबंध व्यक्ती आपणांस अभिप्रेत नसते; तिच्या चरित्रातील एकच धर्म उचलून तो उपमेयावर आरोपित केलेला असतो. नारदाचे कीर्तन गळून पडते, कळ तेवढी उरते. आपल्या साहित्यशास्त्राने या व्यापाराला लक्षणा म्हटले आहे. वाच्यार्थाचा बाध होतो, कारण सापाता हा पाचव्या शतकातील हूण राजा नव्हे हे वाचक जाणतो. आणि मग प्रयोजनाच्या आधारे तो लक्ष्यार्थाकडे जातो. स्पॅनिशमध्ये विशेषनामापूर्वी निश्चयवाचक उपपद आले, 'एल अतिला' असे झाले, की हे सामान्यीकरण व्याकरणदृष्ट्याही पुरे होते. मराठीत उपपद नसल्याने अनुवादात ही खूण हरवते.

परंतु येथे नेमका कोणता धर्म आरोपित झाला? 'क्रौर्य' असे उत्तर सहज सुचते, आणि ते अपुरे आहे. केवळ क्रौर्य सांगावयाचे असते तर रोमच्या इतिहासात नीरोसारखी नावे होती. अटिलाचे वैशिष्ट्य त्याच्या बाहेरून येण्यात आहे. इ. स. ४५१ मध्ये गॉलवर आणि ४५२ मध्ये इटलीवर चाल करून गेलेला हा राजा युरोपीय स्मृतीत आक्रमक म्हणून शिल्लक राहिला आहे. त्याचे घर तेथे नव्हते, तो नांगरणारा नव्हता, तो वस्तीवर येणारा होता. हे रूपक मोरेलोसच्या शेतकऱ्याला लावताच एक विलक्षण उलटापालट घडते. ज्याच्या गावाचे हक्क वसाहतकालीन कागदांत नोंदलेले आहेत तो उपरा ठरतो, आणि ज्यांनी त्या गावाची जमीन ताब्यात घेतली ते आक्रमणाला तोंड देणारे संस्कृतीचे रक्षक ठरतात. जमीन कोणाची हा प्रश्न खोडून काढण्याची गरजच उरत नाही. तो प्रश्न उपस्थित होण्याची जागा या एका नावाने व्यापून टाकली जाते.

'दक्षिणेचा' हे पुढे जोडले गेलेले विशेषणही तपासण्याजोगे आहे. दक्षिण ही दिशा नेहमी कोणाच्या तरी उभे राहण्याच्या जागेवरून ठरते. सापाताच्या सैन्याने स्वतःला 'दक्षिणेची मुक्तिसेना' असे नाव घेतले होते. तेथे 'दक्षिण' हा शब्द आपला प्रदेश सांगतो. 'दक्षिणेचा अटिला' या पदात तोच शब्द धोका कोणत्या दिशेकडून येत आहे हे सांगतो. बोलणारा राजधानीच्या वेशीवर उभा राहून डोंगरापलीकडे पाहत आहे. शब्द एकच, पण एकदा आतून उच्चारलेला आणि एकदा बाहेरून.

या मुख्य नावाभोवती दुय्यम संज्ञांचा एक परिवारच होता. त्यांतील पहिली 'काबेसिया'. 'काबेसा' म्हणजे डोके, आणि त्यास लघुत्ववाचक प्रत्यय लागून झालेला हा शब्द. शब्दशः 'लहान डोके', रूढार्थाने बंडखोरांचा नायक. यास मराठीत 'म्होरक्या' हा इतका चपखल प्रतिशब्द आहे की या दोन भाषांनी एकमेकींचा सल्ला घेतला असावा असे वाटावे. 'पुढारी' आणि 'म्होरक्या' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी पुढे असण्याची कल्पना आहे. परंतु सभेला पुढारी असतो आणि टोळीला म्होरक्या. सापाताला गावात 'काल्पुलेके', त्याच्या सैन्यात 'जनरल' आणि राजधानीच्या पत्रांत 'काबेसिया' म्हणत. पद एक, माणूस एक, आणि संबोधने तीन.

दुसरी संज्ञा 'बान्दिदो'. हा शब्द इटालियनमधून आलेला असून तो मुळात कर्मणी धातुसाधित आहे: 'बान्दो' म्हणजे जाहीरनामा, आणि जाहीरनाम्याने ज्याला बहिष्कृत केले तो 'बान्दिदो'. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा शब्द मनुष्याची कृती सांगत नाही, त्याच्याविषयी सत्तेने काय घोषित केले ते सांगतो. त्याचा अनुवाद 'दरोडेखोर' असा केला की घोषणा करणारा अदृश्य होतो आणि कृती तेवढी उरते. हा दोष अनुवादकाचा नव्हे. स्पॅनिशमध्येही तो घोषणाकर्ता कधीच विस्मृतीत गेला होता. तिसरा शब्द 'लात्रोफाक्सिओसो' हा सामासिक असून लुटारू आणि बंडखोर या दोन संज्ञा त्यात एकत्र शिवलेल्या आहेत. हा समास म्हणजे संभ्रमाची कबुलीच होय. बंडखोर म्हटले तर त्याची काही राजकीय मागणी आहे हे मान्य करावे लागते. नुसता लुटारू म्हटले तर त्याच्यावर हजारो सैनिक का धाडावे लागतात याचे उत्तर द्यावे लागते. समासाने दोन्ही अडचणी टळतात.

अनुयायांसाठी 'ओर्दा', म्हणजे झुंड, हा शब्द सर्रास वापरला जाई, आणि अटिलाच्या रूपकाशी तो अर्थातच सुसंगत होता. त्याचे मूळ तुर्की 'ओर्दू', सैन्याची छावणी. तोच शब्द पूर्वेकडे आला आणि आपल्या देशात 'उर्दू' या भाषेचे नाव झाला. एकाच मूळ शब्दाने एकीकडे दरबारी भाषेची प्रतिष्ठा मिळवावी आणि दुसरीकडे असंस्कृत जमावाची निंदा वाहावी, हे अर्थांतराचे मोठे बोलके उदाहरण आहे.

मराठीत लिहिणाऱ्यासमोर तर याहून सूक्ष्म अडचण आहे. इंग्रजीत वा स्पॅनिशमध्ये क्रियापदावर आदराचे ओझे तृतीय पुरुषात पडत नाही. मराठीत मात्र 'सापाता आला' की 'सापाता आले' याची निवड प्रत्येक वाक्यागणिक करावी लागते, आणि ती केल्याविना वाक्य पुरेच होत नाही. येथे दीआसपासून सापातापर्यंत सर्वांना एकवचनच वापरले आहे. परंतु एकाला एकवचन आणि दुसऱ्याला आदरार्थी बहुवचन देणारा लेखक एकही विशेषण न वापरता निकाल देऊन जातो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वृत्तपत्रांचा हा शब्दसंग्रह राज्यकर्त्यांच्या भाषेत केव्हा व कसा उतरला, याचा माग १९११ या एका वर्षातच लागतो. क्रांतीचा नेता फ्रान्सिस्को मादेरो ऑगस्टमध्ये कुआउतला येथे आला तेव्हा जाहीर भाषणात त्याने सापाताचा शूर व अत्यंत सचोटीचा सेनापती असा गौरव केला आणि शत्रूंनी त्याच्यावर केलेल्या निंदेचा उल्लेख केला. त्याच महिन्यात हंगामी सरकारने जनरल विक्तोरिआनो उएर्ता यास मोरेलोसवर पाठविले, आणि तडजोडीची वाट बंद झाली. २५ ऑक्टोबर रोजी प्रतिनिधिसभेत होसे मारिआ लोसानो याने केलेले भाषण या भाषेचा उत्कर्षबिंदू मानावे लागेल. सापाता हा आता मनुष्य नसून प्रतीक आहे, तळघरातील अंधार वर येऊन पृष्ठभागावरचे दिवे विझवू पाहत आहे, अशा आशयाची त्याची मांडणी होती. वक्तृत्व म्हणून ते प्रभावी होते. तर्क म्हणून पाहिल्यास मात्र त्यात एक धोकादायक पायरी ओलांडलेली दिसते: मनुष्याशी बोलणी होऊ शकतात, प्रतीकाशी होऊ शकत नाहीत.

सापाताच्या पक्षाचे उत्तर नोव्हेंबरच्या अखेरीस 'आयाला योजना' या जाहीरनाम्याच्या रूपाने आले. त्याच्या मसुद्यात ओतिलिओ मोन्तान्यो या खेड्यातील शिक्षकाचा मोठा वाटा होता. भाषा बोजड आहे, वाक्ये संपता संपत नाहीत, आणि राजधानीतील सुशिक्षितांना त्यात हसण्यासारखे बरेच सापडले. परंतु शब्दयोजनेच्या दृष्टीने पाहता ही रचना जाणीवपूर्वक कायद्याच्या परिभाषेत केलेली आहे. ज्या गावांकडे मालकीची कागदपत्रे आहेत त्यांनी बळकावलेल्या जमिनींचा ताबा घ्यावा. आपला हक्क आहे असे मानणाऱ्या बळकावणाऱ्यांनी क्रांतीच्या विजयानंतर स्थापन होणाऱ्या न्यायासनांपुढे तो सिद्ध करावा. मोठ्या मक्तेदारांच्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा भरपाई देऊन घ्यावा. योजनेस विरोध करणाऱ्यांची मालमत्ता मात्र राष्ट्राच्या मालकीची करावी. येथे 'लुटणे' या क्रियापदाचा कर्ता बदलला आहे. पत्रांत शेतकरी लुटतो आणि जमीनदार लुटला जातो; योजनेत जमीनदार लुटतो आणि गाव लुटले जाते. शिवाय पुराव्याचे ओझे उलट बाजूवर टाकलेले आहे, आणि हा बदल कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक क्रांतिकारक होता. दस्तऐवजाच्या शेवटी असलेल्या तीन शब्दांत, 'स्वातंत्र्य, न्याय आणि कायदा', तिसरा शब्द कायदा हा आहे. 'भूमी आणि स्वातंत्र्य' ही सापाताच्या नावावर आज सर्वत्र दिसणारी घोषणा मुळात फ्लोरेस मागोन याच्या पक्षाची होय. चाहत्यांनी केलेले आरोपणही शत्रूंच्या आरोपणाइतकेच तपासून घ्यावे लागते.

'दिआरिओ देल ओगार' या पत्राने ही योजना डिसेंबरमध्ये छापण्याची अनुमती मागितली तेव्हा, आता अध्यक्ष झालेल्या मादेरोने ती दिली. सापाता किती वेडा आहे हे सर्वांस कळावे, असा त्याचा अभिप्राय होता. ऑगस्टमधील 'सचोटीचा सेनापती' डिसेंबरमध्ये 'वेडा' झाला. अंकाच्या प्रती झपाट्याने खपल्या, आणि ज्यांनी ती वाचली त्या सर्वांना मादेरोचा अभिप्राय पटला असे पुढील घटनांवरून दिसत नाही.

राजधानीच्या पत्रांनी सर्वच कल्पित लिहिले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. मे १९११ मधील कुआउतलाची लढाई भीषण होती. ऑगस्ट १९१२ मध्ये तिकुमान येथे सापाताच्या पक्षातील तुकडीने आगगाडीवर हल्ला केला, त्यात प्रवाशांबरोबर वार्ताहरही मारले गेले. त्यानंतर वृत्तव्यवसायाकडून समतोलाची अपेक्षा करणे कठीण होते. शिवाय सापाताच्या नावाने वावरणाऱ्या सर्वांवर त्याचे नियंत्रण होते असेही नाही. प्रश्न आहे तो सामान्यीकरणाचा. मोरेलोस, पुएब्ला, ग्वेर्रेरो या प्रांतांतील प्रत्येक दरोडा 'सापातिस्ता' या एकाच शब्दाखाली जमा होऊ लागला, आणि मग तोच शब्द उलट्या दिशेने प्रत्येक खेडुताला लागू पडला. जनरल हुवेन्सिओ रोब्लेस याने फेब्रुवारी १९१२ पासून संशयित गावे जाळण्यास आरंभ केला. नेक्सपा आणि सांता मारिया ही त्यांतील पहिल्या काही गावांपैकी. १९१३ मध्ये उएर्ताच्या राजवटीत तोच सेनानी परत आला आणि गावेच्या गावे उठवून अन्यत्र हलविण्याचे धोरण अधिक कठोरपणे अमलात आले. गावे जाळणे हे अटिलाचे लक्षण मानले, तर मोरेलोसमध्ये ते कोणत्या बाजूस पद्धतशीरपणे दिसते, याचे उत्तर या नोंदींत आहे. जनरल फेलिपे आन्हेलेस याने १९१२ च्या उत्तरार्धात तुलनेने सौम्य धोरण स्वीकारले तेव्हा प्रांत बराच शांत झाला, ही गोष्टही येथे नोंदविली पाहिजे.

शब्द आणि वस्तू यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती १९१४ च्या नोव्हेंबर अखेरीस, सापाताचे सैनिक राजधानीत शिरले तेव्हा. तीन वर्षे अटिलाच्या वर्णनांवर पोसलेल्या नगराने दारे लावून घेतली होती. आले ते पांढऱ्या सुती कपड्यांतील शेतकरी. दारोदार जाऊन त्यांनी नम्रपणे खाण्यास मागितले. एके रात्री घंटा वाजवीत धावणारा अग्निशामक बंब त्यांना शत्रूचे यंत्र वाटला आणि त्यांच्या गोळीबारात बारा जवान मेले. ही दुर्घटना भयंकर खरी, पण ती झुंडीच्या क्रौर्याची नव्हे, शहर कधी न पाहिलेल्या माणसांच्या भयाची आहे. ६ डिसेंबरला विया व सापाता यांच्या सैन्यांनी एकत्र संचलन केले. त्या दिवशीच्या प्रसिद्ध छायाचित्रात अध्यक्षीय आसनावर विया हसत बसला आहे. शेजारी सापाता बसला आहे, तो हसत नाही.

पुढे वेनुस्तिआनो कारान्साच्या पक्षाने सत्ता मिळविली आणि शब्दही बदलले. 'इम्पार्सिआल' १९१४ मध्येच बंद पडले होते. नव्या सत्ताधाऱ्यांना स्वतःस क्रांतिकारक म्हणवून घ्यावयाचे असल्यामुळे 'बंडखोर' ही शिवी त्यांना सोयीची नव्हती. म्हणून सापातास आता 'प्रतिक्रियावादी' ठरविण्यात आले. अटिला आणि प्रतिक्रियावादी ही दोन वर्णने एकाच माणसाला एकाच वेळी लागू पडणे कठीण, पण वृत्तपत्रांना त्यात विसंगती जाणवली नाही. दरम्यान एप्रिल १९१८ मध्ये सापाताच्या मुख्यालयाने ट्लास्काला परिसरातील आरेनासच्या सैनिकांना उद्देशून नाव्हात्ल भाषेत जाहीरनामे काढले. मिगेल लेओन-पोर्तिया याने त्यांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. राष्ट्र या कल्पनेसाठी त्यांत स्पॅनिश 'पात्रिआ' हा शब्द येतो, पण त्याच्या जोडीला जिला तसे म्हणतात ती आपली भूमाता असे स्पष्टीकरण येते. या भाषेतील मजकूर राजधानीच्या कोणत्याही संपादकाला वाचता आला असता की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

१० एप्रिल १९१९ रोजी चिनामेका येथे कर्नल ग्वाहार्दो याने पक्षांतराचे सोंग करून सापातास बोलावले आणि मानवंदनेच्या मिषाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. प्रेत कुआउतला येथे आणून लोकांस दाखविण्यात आले, त्याची छायाचित्रे घेण्यात आली. मृत्यू सिद्ध करण्याची एवढी निकड सरकारला वाटावी, यातच लोसानोचे प्रतीकाविषयीचे विधान किती मुरले होते ते दिसते. मोरेलोसमधील कित्येकांनी ते प्रेत त्याचे नव्हेच असे ठरविले.

वर्षभरातच अल्वारो ओब्रेगोन याने कारान्साविरुद्ध उठाव केला; सापाताचे उरलेले सहकारी त्याच्या बाजूस गेले आणि मे १९२० मध्ये त्याच्याबरोबर राजधानीत आले. तेथून अर्थोत्कर्षाची उलट प्रक्रिया सुरू झाली. या टप्प्यात एका मराठी माणसाचा संबंध येतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून भ्रमण करीत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापन करू लागले. शेतकऱ्यांसाठी ज्या मुक्त कृषिशाळा त्यांनी उभारण्यास साहाय्य केले त्यांतील ओकोपुल्को येथील दुसऱ्या क्रमांकाच्या शाळेचे नाव 'एमिलिआनो सापाता' असे होते. तीना मोदोत्ती हिने १९२८ च्या सुमारास घेतलेली तिची छायाचित्रे उपलब्ध आहेत. सुमारे नऊ वर्षांत 'बान्दिदो' शाळेच्या पाटीवर आला. १९३१ मध्ये त्याचे नाव प्रतिनिधिसभेच्या भिंतीवर सुवर्णाक्षरांनी कोरले गेले, म्हणजे ज्या सभेत लोसानोने ते भाषण केले होते त्याच संस्थेत.

२०१९ मध्ये, वधास शंभर वर्षे झाली तेव्हा, मेक्सिकोच्या संघसरकारने आपल्या कागदपत्रांवर त्या वर्षाला सापाताचे नाव दिले. त्यात त्याचे वर्णन 'दक्षिणेचा सेनानायक' असे होते. अटिला गेला, त्याच्या जागी 'काउदिय्यो' आला. 'दक्षिणेचा' हे विशेषण मात्र तसेच राहिले. आणि हे कागद निघत होते ते राजधानीतूनच.